देलबेर येणार होता

सान ब्लास, ४ ऑक्टोबर १९९३

एर्मे,

आधी बातमी, मग खुशाली. तुमच्या गावासाठी नेमलेला माणूस माझ्याच घरात उतरलाय!

परवा संस्थेची गाडी आली. यंदा अकराजण आलेत. नेहमीप्रमाणे आम्ही बायका शाळेच्या पटांगणात ओळीने उभ्या, आणि समोर ती परदेशी पोरं, पाठीवर बोचकी, दाव्यातून सुटलेल्या वासरांसारखी भेदरलेली. दोन-अडीच महिने आमच्या घरात राहायचं, आमचं खायचं, आमची भाषा शिकायची आणि मग दोन वर्षं कुठल्यातरी खेड्यात जाऊन बिनपगारी राबायचं, असा त्यांचा बेत. समोरच्या ब्लासिदाला दाना नावाची पोरगी मिळाली. ती लोकांना मधमाश्या पाळायला शिकवणार आहे. माझं नाव पुकारलं आणि पुढे आला तो म्हातारा! एकसष्ट वर्षांचा. उंच, थोडा वाकलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण आमचे सेकुंदिनो कोपराने ढोसून म्हणाले, "का, तरणाबांड हवा होता वाटतं?"

नाव देलबेर. बायको वारली, मुलं आपापल्या वाटेने गेली. पुढचं नीट वाच. नेब्रास्का म्हणून त्यांच्याकडे मुलूख आहे, तिथे याने चाळीस वर्षं विहिरी खणल्यात. याचा बापही तेच करायचा. संस्थेची बाई मला म्हणाली, "गुआविरामीच्या समितीचा अर्ज होता ना पाण्यासाठी? हा त्यांच्यासाठीच." मी तिथेच त्याचा हात धरून रडले. बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

एक गंमत सांगते. आज सकाळी त्यांना भाषा शिकवणाऱ्या ओब्दुलिया बाईंनी पहिल्याच तासाला त्याला पाण्याचा शब्द शिकवायला घेतला, त्याचा धंदाच तो म्हणून. आपला शब्द केवढासा! एकच स्वर, घशाच्या तळातून काढायचा, पोटात गुद्दा बसल्यासारखा. त्या दानाला दुसऱ्या खेपेला जमला. हा तासभर 'ई', 'ऊ', 'ओए' करत बसला. जन्मभर पाणी शोधलं आणि पाण्याचं नाव घेता येईना! आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसला. जमेल हळूहळू.

तुझ्या तासिओला सांग, आता खोरी-कुदळी पाजळून ठेव.

तुझी
निमिया

•

गुआविरामी, १९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र बसवाल्या फ्लोरेन्सिओने परवा हातात ठेवलं. समितीपुढे मी ते तीनदा वाचलं. तासिओ म्हणाला, "बास कर बाई, आता मला झोपेतही म्हणता येईल."

इथे लगबग उडालीय. संस्थेचा कागद आलाय की पाहुण्याला स्वतंत्र खोली हवी, कुलूप लागेल असं दार हवं आणि संडास हवा. गावात कुलूप लागेल असं दार एकच, प्रार्थनाघराचं. तासिओ म्हणतो, "म्हाताऱ्याला संताशेजारीच झोपवू. दोघंही कमी बोलणारे." बायकांनी त्याला हाकलून दिलं. आता आमच्या परसात खोली उभी राहतेय. भिंतीच्या फळ्या सगळ्यांनी मिळून दिल्या, त्यामुळे एकही भिंत एका रंगाची नाही. पलंग केवढा करायचा ते कळव. उंच आहे म्हणतेस, म्हणजे केवढा? दारात वाकावं लागेल का? मांदिओकाचे कंद खातो का? की त्याला गव्हाचाच पाव लागतो?

जुनी विहीर दोन वर्षांमागे मे महिन्यातल्या पावसात ढासळली ते तुला लिहिलंच होतं. तेव्हापासून सगळं गाव ओढ्यावर. वरच्या अंगाला जमीनदाराची सातशे गुरं त्याच पाण्यात बसतात. आम्ही पहाटे जातो, गुरं उतरायच्या आत. नर्सबाई म्हणते उकळून प्या. उकळतो. पण चाळीस घरांनी रोज उकळायचं तर सरपण आणायचं कुठून?

माझ्या लुइसितोला जाऊन येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. चार वर्षांचं पोर, दोन दिवसांत वाळल्या पानासारखं झालं. सगळे म्हणाले, देवाची मर्जी. मी त्या महिन्यातच अर्ज घेऊन दारोदार अंगठे गोळा करत फिरले. देवाच्या मर्जीला मी बोल लावत नाही, पण ओढ्याला लावीन.

निल्दाला फेब्रुवारीत दिवस भरतात. मला आजी करते आहे पोरगी. तेवढ्यात विहिरीला पाणी लागलं तर तिचं बाळ त्या ओढ्याचं पाणी पिणार नाही. एवढंच मागणं आहे.

त्या म्हाताऱ्याला नीट जप. उपाशी ठेवू नकोस.

तुझी
एर्मे

•

सान ब्लास, ६ नोव्हेंबर

एर्मे,

उत्तरं घे. उंची आमच्या दाराएवढी. सेकुंदिनोंनी दोन वेळा कपाळ आपटल्याचा आवाज ऐकला आणि चौकटीला चिंधी बांधली. मांदिओका खातो, पण वर लोणी फासून. आपल्या गार काढ्याचा, तेरेरेचा पेला हातोहात फिरतो तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, सगळा आपल्यालाच दिलाय. घेऊन बसला तो बसलाच.

कामाचा माणूस आहे गं. माझ्या विहिरीचा रहाट सात वर्षं करकरत होता, त्याने एका दुपारी गप्प केला. परवा तो मागच्या अंगणात गेला, गुडघ्यावर बसला, माती उचलून बोटांनी चुरली, हुंगली. मग उठून मला एक जागा दाखवली आणि बोटांनी सांगितलं, इथे, सहा. सहा परसांवर, म्हणजे सहा पुरुष खोलीवर पाणी. शेजारच्या कुंभाराला विचारलं, त्याच्या बापाने कुंपणापलीकडे तिथेच खणलं होतं, साडेपाचाला लागलं होतं. अंगावर काटा आला माझ्या.

भाषेचं म्हणशील तर मेहनत फार करतो. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. दारावर 'दार', खुर्चीवर 'खुर्ची', सेकुंदिनोंच्या टोपीवर 'टोपी'. रात्री सगळं घडाघडा वाचतो. सकाळी पाटी कोरी. काल त्याला विचारायचं होतं, जेवण शिजलं का, विचारलं ह्यांना, "तुझी बायको शिजली का?" हे म्हणाले, "बत्तीस वर्षं झाली, अजून कच्चीच आहे." मी लाटणं फेकून मारलं.

ओब्दुलिया बाई म्हणतात, इतका कष्टाळू विद्यार्थी त्यांनी पाहिला नाही. पहिली परीक्षा झाली. दुसरी महिनाअखेरीला आहे. तू काळजी करू नकोस. पलंग लांब कर.

तुझी
निमिया

•

गुआविरामी, २१ नोव्हेंबर

ताई,

पहिली परीक्षा झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. बाईच एवढं म्हणतात म्हणजे पास होणारच तो. भाषेचं काय घेऊन बसलात? खोदणाऱ्याला बोलायला वेळ कुठे असतो!

खोली झाली. पलंगाला तासिओने एवढं लांब लाकूड लावलंय की दोन माणसं एकामागे एक झोपतील. मच्छरदाणी बायकांनी शिवली. चिपाचे पाव भाजायची भट्टी नवी सारवली. संस्थेचं पत्र आलंय, १० डिसेंबरला त्यांची शपथ, १३ तारखेच्या दुपारच्या बसने तो फाट्यावर उतरणार. फाट्यापासून आत आणायला बैलगाडी पाठवतोय. पलीकडच्या वाडीचे लोक जळून कोळसा झालेत. त्यांचा म्होरक्या परवा येऊन विचारतो कसा, "तुमचं झालं की आठवड्यातून एक दिवस आम्हाला द्याल का?" जसा काही तो नांगरच आहे.

पुरुषांना कधीची घाई झालीय खणायची. मी म्हटलं, हात लावाल तर बघा. तो मातीचा वास घेऊन जागा सांगेल, तिथेच खणायचं. तुझ्या पत्रातलं ते हुंगण्याचं आता गावभर झालंय. पोरं दिवसभर माती हुंगत फिरतात.

ताई, एक विचारू? यातले काहीजण मधेच पळून जातात म्हणे. घरची आठवण येते, पोट बिघडतं. हा तसा नाही ना? काही असेल तर मला खरं सांग. मी गावाला तोंड देते, तू मला अंधारात ठेवू नकोस.

एर्मे

•

सान ब्लास, ५ डिसेंबर

एर्मे,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

देलबेर येणार नाही. दुसऱ्या परीक्षेत तो नापास झाला. पहिल्या परीक्षेतही नापासच झाला होता. मी तुला तेव्हा लिहिलं नाही. वाटलं, एका महिन्यात काहीतरी होईल. तुला आशेत ठेवलं, असं तू म्हणशील. खरं तर मीच आशेवर होते.

मी काय काय केलं ते ऐक. रोज पहाटे उठून त्याच्याकडून घोकून घेतलं. 'माझं नाव', 'मी येतो', 'मला दुखतं'. कान जरा मंद आहेत त्याचे, चाळीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून. त्याला आपले नाकातले आणि घशातले आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत, मग बोलणार काय? स्पॅनिशचीही तीच गत. शेवटी मी परीक्षेत काय विचारतात ते दानाकडून काढून घेतलं आणि त्याला उत्तरं पाठ करायला लावली. चोरी केली म्हण. ओब्दुलिया बाईंनी प्रश्नांचा क्रम बदलला. त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?" तो म्हणाला, "दोन वर्षं, देवाची कृपा."

निकाल लागला तशी मी बाईंच्या घरी गेले. म्हटलं, "बाई, त्याला पास करा. माझ्या बहिणीचं पोर गेलंय त्या ओढ्यापायी. विहिरीला काय गप्पा मारायच्या आहेत?"

बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "निमिया, मी कठोर आहे असं वाटतं ना तुला? सहा वर्षांपूर्वी अशाच एका पोराला मी पास केलं होतं. गोड होता, सगळ्यांनी गळ घातली. तो आत खेड्यात आजारी पडला. त्याला सांगायचं होतं, बाजूला खाली दुखतंय, वाढतंय. त्याला एवढंच सांगता आलं, 'पोट.' लोकांनी प्रेमाने काढे पाजले. तीन दिवस. आतडं फुटलं. त्याच्या आईचं पत्र अजून माझ्या कपाटात आहे. हा तर एकसष्ट वर्षांचा, आणि विहिरीत उतरणारा. वरून कुणी ओरडलं, 'बाहेर ये, दरड येते!' तर कळेल त्याला?"

मी म्हटलं, "मी जाते त्याच्याबरोबर. मी होते त्याची जीभ."

"दोन वर्षं?" बाई म्हणाल्या. "आणि सेकुंदिनोचं काय?"

ह्यांचं कंबरेचं हाड तुला ठाऊक आहे. माझ्याशिवाय त्यांना सकाळी पलंगावरून उठता येत नाही. मी उठून घरी आले. एर्मे, मला भांडायलासुद्धा कुणी नाही. बाईंचं खरं आहे. संस्थेचं खरं आहे. तुझंही खरं आहे.

देलबेरने काही वाद घातला नाही. रात्री त्याने घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, नीट रचल्या आणि मला परत दिल्या. उसनं घेतलेलं भांडं परत करावं तशा. दुसरा विहिरीचा माणूस यंदा त्यांच्याकडे नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

शिव्या दे. पण उत्तर दे.

निमिया

•

गुआविरामी, १४ डिसेंबर

ताई,

काय झालं गं? तो आजारी आहे का? संस्थेचाही निरोप नाही, तुझंही पत्र नाही.

काल सकाळपासून आम्ही फाट्यावर होतो. आठ दिवस पाऊस, रस्ता बंद. परवा उघडीप पडली तेव्हा सगळे म्हणाले, बघा, त्याच्यासाठीच उघडलं. बैलांना अंघोळ घातली. गाडीत रजई पसरली, त्याची कंबर दुखू नये म्हणून. प्रत्येक घराचं एक माणूस होतं. निल्दा एवढं पोट घेऊन चालत आली, ऐकेना. सगळ्यांनी मिळून संस्थेच्या बाईकडून आलेलं त्यांच्या भाषेतलं 'स्वागत' पाठ केलं होतं. चाळीस तोंडं आणि चाळीस उच्चार.

बस चारला आली. फ्लोरेन्सिओची नव्हती, दुसरीच. दार उघडलं. एक बाई उतरली, हातात दोन कोंबड्या. मग वरून एक शिवणयंत्र उतरवलं. मग दार लागलं. पोरांनी तोपर्यंत 'स्वागत' म्हणून टाकलं होतं. ती कोंबडीवाली लाजून आमच्याकडे बघत राहिली.

तासिओ ड्रायव्हरला म्हणाला, "आत नीट बघ ना, झोपला असेल." ड्रायव्हरने खरंच आत जाऊन पाहिलं. भला माणूस.

आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. कुणीतरी म्हणालं, चुकून पुढे उतरला असेल, त्याला बोलता कुठे येतं. तेव्हा तासिओ आणि दोघंजण पुढच्या फाट्यापर्यंत चालत गेले, अकरा किलोमीटर, चिखलातून, प्रत्येक झोपडीत विचारत, "उंच म्हातारा पाहिला का?" पहाटे परत आले.

उद्याही गाडी पाठवतेय. परवाही पाठवीन. लवकर कळव.

एर्मे

•

गुआविरामी, २३ डिसेंबर

निमिया,

फ्लोरेन्सिओची बस पंधरा दिवस नदीपलीकडे अडकली होती. पत्र तिच्यातच होतं. आज मिळालं.

गाडी आम्ही सहा दिवस पाठवली.

तो नापास झाला यात त्याचा दोष नाही, तुझा नाही, बाईंचाही नाही. पण तुला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच माहीत होतं. मी खोली बांधत होते आणि तुला माहीत होतं. मी तुला सरळ विचारलं होतं, खरं सांग म्हणून. माझी माणसं रात्रभर चिखलात एक म्हातारा शोधत फिरली. ती वाडीवाली माणसं आता दात काढतायत.

मला पुन्हा कधी गोड खोटं लिहू नकोस. कडू सोसतं मला, सवय आहे.

नाताळची गव्हाण मांडलीय. तिच्यावर बांधलेल्या कोको माडाच्या फुलांचा वास सुटलाय घरभर. पोरांसाठी मांडली. तुला नाताळच्या शुभेच्छा.

एर्मेलिंदा

•

सान ब्लास, ४ जानेवारी १९९४

एर्मे,

तू लिहिलंस ते सगळं माझ्या पदरात. रेडिओवरून निरोप द्या असं सेकुंदिनो म्हणाले होते, तो जिल्हाभर सगळे ऐकतात. मीच नको म्हटलं. वाटलं, सगळ्या जगासमोर गुआविरामीची फजिती कशाला? पत्र पोहोचेल वेळेवर. लाज राखायला गेले आणि तुम्हाला सहा दिवस फाट्यावर उभं केलं.

तो १८ तारखेला गेला. जायच्या आधी आठवडाभर तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. चित्रं काढत होता. सोबत पाठवतेय, अकरा कागद आहेत, भिजू देऊ नका. आणि एक पत्र आहे. मी त्याला म्हटलं, तू सांग, मी नीट लिहून देते. त्याने मान हलवली. दोन दिवस शब्दांची वही घेऊन स्वतः लिहिलं. मी एक अक्षर दुरुस्त केलेलं नाही.

निमिया

*एर्मेलिंदा बाई, तासिओ साहेब, गाव सगळा,*

*मी देलबेर. मी येणार होतो. मी आता येत नाही. दोष माझा. मी पाणी माहीत. मी तोंड माहीत नाही.*

*शाळा बाई चांगली. निमिया चांगली. राग नको दोघी.*

*कागद बघा. कागद बोलतो माझ्यापेक्षा चांगला. ओढा लांब ठेवा. संडास खाली, विहीर वर. एक माणूस खाली, दोरी कंबर, नेहमी. दोन माणूस वर, नेहमी. सकाळ आधी मेणबत्ती खाली पाठवा. मेणबत्ती मरते, माणूस जात नाही. कडे आधी, खणणे मग. माती पडते. माती सांगत नाही.*

*माझी बायको मेली चार वर्ष. घर मोठा. मी विचार केला, गुआविरामीत मी कामाचा. माफ करा.*

*देलबेर*

•

गुआविरामी, २७ फेब्रुवारी

ताई,

दोन महिने तुला लिहिलं नाही. रागाने नाही. रागाला वेळच मिळाला नाही, आम्ही खणत होतो.

ते पत्र मी मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीला पोरं हसली. मग कुणी हसलं नाही. तासिओने कागद भिंतीवर लावले. त्याने विहीर अशी काढलीय की कापलेल्या पपईसारखी आत काय आहे ते दिसतं. आतून भिंतीला लावायची सिमेंटची गोल कडी साच्यात कशी ओतायची, केवढी, कुठे सळई. अडीच महिन्यांत त्याला आमचा एक शब्द धड बोलता आला नाही, पण गाढवालासुद्धा कळेल असं काढलंय. गावाने मका विकून सिमेंट आणलं.

जागा आम्हीच ठरवली, ओढ्यापासून लांब, वरच्या अंगाला. तासिओने माती हुंगली. मी विचारलं, "काय कळलं?" म्हणाला, "मातीचा वास येतो."

चौदा जानेवारीला सुरुवात. मेणबत्ती रोज आधी. एकदा पाचव्या परसाला ती विझली. दोन दिवस कुणी उतरलं नाही, वारा जाऊ दिला. नाहीतर तासिओच गेला असता गं त्या सकाळी, त्याचीच पाळी होती. त्या म्हाताऱ्याला हे कळव.

सातव्या परसाला खडक लागला. सगळीकडून खडक. पहार टाकली की टणकन उडते. चार पहारींची टोकं गेली. ओलावा आहे, भिंतीला हात लावला तर गार लागतो, पण पाणी नाही. आता काय करू? त्याला विचार. खाली जायचं की जागा बदलायची? सिमेंट संपलंय.

निल्दाला ११ तारखेला मुलगी झाली. रुफिना. केस एवढे काळे की नर्सबाई हसली. दूध कमी येतंय निल्दाला, वरचं थोडं द्यावं लागेल. पाणी दोनदा उकळतो.

तुझी
एर्मे

•

सान ब्लास, १९ एप्रिल

एर्मे,

तुझा प्रश्न मी त्याच दिवशी त्याच्या पत्त्यावर धाडला. आज त्याचं उत्तर आलं. त्याच्याच भाषेत आहे. नवी तुकडी आलीय आमच्याकडे. यंदा माझ्या घरी एक मुलगी आहे, शाळेतल्या भाजीच्या मळ्यांसाठी. तिला मी वाचायला बसवलं. अर्थ नीट लागावा म्हणून तीनदा वाचायला लावलं. तो लिहितो:

'खडकाचा रंग कोणता? मी तिथे असतो तर हे मला विचारावं लागलं नसतं. तांबडा असेल, बोटाने घासल्यावर वाळू सुटत असेल, तर थांबू नका. छिन्नीने रोज चार बोटं जरी खाली गेलात तरी दोन परसांच्या आत पाणी आहे. ओलावा आहे म्हणजे नक्की आहे. काळा असेल, कोळशासारखा, घासल्यावर काहीच सुटत नसेल, तर तिथेच थांबा. काळा खडक हातांनी फुटत नाही, त्याला मोठं यंत्र लागतं. सुरुंग लावू नका, कडी कोसळतील. जागा बदलूनही त्या उतारावर बहुधा तोच लागेल.'

तासिओचं मेणबत्तीचं वाचून त्याला काय वाटलं तेही लिहिलंय. 'एक माणूस वाचला हे मी रोज उठून स्वतःला सांगतो,' म्हणतो. आणि शेवटी लिहिलंय, 'रंग कळेपर्यंत मला झोप लागणार नाही. लगेच कळवा.'

कोणता आहे गं?

निमिया

•

गुआविरामी, २ मे

ताई,

काळा आहे.

मी वाचत होते तोवर सगळे टेबलाभोवती उभे होते. 'तांबडा असेल' पर्यंत आले आणि पुढे वाचवेना. त्यांना कळलंच. तरी तासिओ बाहेर गेला आणि खडकाचा एक कपचा आणून मधे ठेवला. प्रत्येकाने बोटाने घासून पाहिला. माहीत असून घासला. काही सुटलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आत तांबडा असेल." तासिओने तो हातोड्याने फोडून दाखवला.

थांबायचं ठरलं. विहिरीवर फळ्या ठोकल्या, पोरं पडू नयेत म्हणून. यंत्रासाठी जिल्ह्याला अर्ज करतोय. अंगठे पुन्हा मीच गोळा करतेय. गेल्या अर्जाला दोन वर्षं लागली होती.

आता माझं एक काम कर. त्याला लिही की खडक तांबडा निघाला.

डिसेंबरात मी तुला काय लिहिलं होतं ते मला आठवतं. ते मी मागे घेत नाही. पण मी इथे राहते. मला खरं कळलंच पाहिजे, कारण उद्या घागर घेऊन मलाच जायचंय. तो तिथे खरं घेऊन काय करील? एकट्या घरात बसून त्या काळ्या खडकाकडे बघत राहील. त्याने आम्हाला त्याच्याकडचं सगळं दिलं. आमच्याकडे द्यायला एवढंच आहे.

नीट लिही, माहीतगार माणूस आहे. लिही की त्याचं उत्तर यायच्या आधीच छिन्नी लावली होती, एकोणीस दिवस लागले. आठव्या परसाच्या खाली आणखी दोन हात गेल्यावर उत्तरेच्या कडेने पाझर फुटला. पहिल्या दिवशी गढूळ, तिसऱ्या दिवशी निवळलं. आता दीड परस उभं राहतं. मी तीन लिहा म्हणत होते, तासिओ म्हणाला, "दीडच लिही, तीन लिहिलंस तर त्याला संशय येईल." चव जरा लोखंडासारखी, पण गार. पहिला पोहरा कुणी प्यायचा यावरून बायकांचं भांडण झालं, म्हणून शेवटी रुफिनाच्या ओठांना बोटाने लावलं आणि मग सगळ्यांनी घेतलं. संध्याकाळी गाव जमलं, गिटार वाजली, नाच झाला. पलीकडच्या वाडीचे लोकही घागरी घेऊन आले आणि आम्ही त्यांना नाही म्हटलं नाही.

हे सगळं मी मोठ्याने म्हणत लिहीत होते तर तासिओ मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "गिटार कुणी वाजवली ते पण लिही. मी वाजवली."

रुफिनाचं पोट कालपासून बिघडलंय. ताप नाही. निल्दाने चूल पेटवलीय, पाणी तापत ठेवायचंय. उजाडायला आलं. मी निघते ओढ्यावर, गुरं उतरायच्या आत.

तुझी
एर्मे